शाळेचा पुनरारंभ आणि पालकांची चिंता : ठाणे जिल्ह्यातील दोन मानपाड्यांच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाणे शहराच्या उत्तर भागात, घोडबंदर रस्त्यालगत, येऊरच्या डोंगराच्या बाजूस. दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेस, कल्याण-शीळ रस्त्याच्या परिसरात. पहिले १९८२ साली स्थापन झालेल्या ठाणे महानगरपालिकेच्या, तर दुसरे १९८३ साली स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या परिसरात मोडते. नावावरूनच दिसते की दोन्ही मूळचे पाडे. परंतु गेल्या काही दशकांत दोहोंभोवती उंच इमारतींची संकुले, चाळी, गावठाणातील जुनी घरे आणि श्रमिकांच्या वस्त्या अशी संमिश्र लोकवस्ती उभी राहिली आहे. मुंबईच्या रोजगारावर अवलंबून असलेले आणि त्यासाठी उपनगरी रेल्वेने अथवा रस्त्याने रोज ये-जा करणारे कुटुंब येथे सर्वत्र आढळते.

कोविड-१९ च्या महासाथीत, म्हणजे २०२० ते २०२२ या काळात, अशा कुटुंबांपुढे एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला. शाळा उघडली आहे. मुलाला पाठवावे की न पाठवावे? या प्रश्नापुढील पालकांच्या घुटमळण्याचे वर्णन त्या काळी बहुधा ‘भीती’ या एकाच शब्दाने केले गेले. अधिकाऱ्यांच्या आणि काही तज्ज्ञांच्या बोलण्यात ती भीती अज्ञानातून आलेली, म्हणून माहिती देऊन दूर करण्याजोगी मानली जाई. हे वर्णन अपुरे आहे. पालकांच्या चिंतेत रोगाविषयीच्या भयाइतकाच, किंबहुना काही बाबतींत त्याहून अधिक, संस्थांविषयीच्या विश्वासाचा प्रश्न गुंतलेला होता. हा फरक ध्यानी न आल्यास पुढील साथीच्या वेळी त्याच चुकांची पुनरावृत्ती होण्याचा संभव आहे. म्हणून त्याचे पृथक्करण करणे उपयुक्त ठरेल.

२. घटनाक्रम

विवेचनाच्या सोयीसाठी प्रथम घटनांचा क्रम पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे घोषित केले आणि त्याच महिन्याच्या मध्यास महाराष्ट्रातील शहरी भागांतील शाळा बंद झाल्या. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले ते दूरस्थ पद्धतीने. वर्गाची जागा भ्रमणध्वनीच्या पडद्याने घेतली.

२३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडण्यास राज्य शासनाने अनुमती दिली; परंतु अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपविला. मुंबईप्रमाणेच ठाण्यातही शाळा ३१ डिसेंबरपर्यंत बंदच ठेवण्यात आल्या. २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीच्या वर्गांना राज्यात परवानगी मिळाली. तथापि थोड्याच आठवड्यांत दुसरी लाट आली. एप्रिलमध्ये पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय झाला आणि दहावीची परीक्षाही रद्द झाली.

१५ जुलै २०२१ पासून कोविडमुक्त गावांतील आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. १७ ऑगस्टपासून शहरांतही वर्ग उघडावयाचे असे जाहीर झाले. पण वैद्यकीय कृतिदलाचे मत प्रतिकूल पडल्याने काही दिवसांतच तो निर्णय स्थगित झाला. अखेर ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी व शहरी भागात आठवी ते बारावी, आणि १ डिसेंबरपासून उरलेले प्राथमिक वर्ग उघडण्यास मान्यता मिळाली. मुंबईसारख्या महानगरपालिकांनी ही दुसरी तारीख पुढे ढकलली. त्यानंतर तीनच दिवसांनी, ४ डिसेंबर रोजी, विषाणूच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण आढळला आणि तो कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीतच आढळला. जानेवारी २०२२ मध्ये शाळा १५ फेब्रुवारीपर्यंत बंद ठेवण्याचा आदेश निघाला. परंतु मुदत संपण्यापूर्वीच, २४ जानेवारीपासून, त्या पुन्हा उघडण्यास संमती देण्यात आली.

या क्रमात एक गोष्ट ठळकपणे दिसते. दोन वर्षांपेक्षा कमी अवधीत शाळा उघडण्याचा अथवा बंद करण्याचा निर्णय अनेकदा बदलला. शिवाय राज्य शासन, जिल्हा प्रशासन आणि महानगरपालिका अशा तीन पातळ्यांवर तो बदलला. एका मानपाड्यातील नातलगाला लागू असलेला नियम दुसऱ्या मानपाड्यातील नातलगाला लागू असेलच, अशी खात्री कोणी देऊ शकत नव्हते. साथीचे स्वरूप बदलत असल्याने निर्णय बदलणे अपरिहार्य होते, हे मान्य करावयास हवे. परंतु कोणत्या निकषावर तो बदलतो, हे पालकांना आगाऊ कळत नव्हते. त्यामुळे बदल हा विवेकाचा नसून संभ्रमाचा पुरावा आहे, असा ग्रह होणे स्वाभाविक होते.

३. धोक्याचे मोजमाप आणि त्याच्या मर्यादा

कोविड-१९ मधील गंभीर आजाराचा धोका वयानुसार अत्यंत विषम होता. वृद्धांत तो मोठा, तर बालकांत फारच अल्प. जगभर नोंदलेल्या मृत्यूंपैकी वीस वर्षांखालील व्यक्तींचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. संसर्गानंतर काही आठवड्यांनी शरीराच्या अनेक अवयवांना सूज आणणारा एक गंभीर विकार मुलांमध्ये आढळला खरा. पण तो विरळ होता.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये केलेल्या चौथ्या राष्ट्रीय रक्तद्रव्य सर्वेक्षणातून याहून महत्त्वाची एक गोष्ट पुढे आली. सहा ते नऊ वर्षे वयाच्या ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वर्षे वयाच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली. सर्व वयोगटांचे एकत्रित प्रमाण ६७.६ टक्के होते. त्या वेळी मुलांना लस उपलब्ध नव्हती. म्हणून ही प्रतिद्रव्ये प्रत्यक्ष संसर्गानेच उत्पन्न झाली होती, हे उघड आहे. लहान मुलांच्या शाळा त्या काळात बहुतेक ठिकाणी बंद होत्या. याचा अर्थ असा की शाळेचे दार बंद असतानाही निम्म्याहून अधिक मुलांपर्यंत विषाणू पोहोचला होता. तो मुख्यतः घरातून आणि शेजारातून पोहोचला असणार. परिषदेच्या महासंचालकांनी याच सुमारास प्राथमिक शाळा आधी उघडाव्यात असे सुचविले, त्यामागे लहान मुले हा संसर्ग तुलनेने सहज सोसतात हे कारण होते.

हा युक्तिवाद बळकट असूनही अनेक पालकांच्या मनाचे समाधान करू शकला नाही. त्याची तीन कारणे सांगता येतात.

पहिले असे की सर्वेक्षण सांगते ते समूहाविषयी. पालकाचा प्रश्न असतो एका मुलाविषयी. राष्ट्रीय सरासरीवरून एखाद्या पाड्यातील, एखाद्या इमारतीतील अथवा दमा असलेल्या एखाद्या मुलाच्या बाबतीत काय घडेल ते कळत नाही. लाखांत एक असा धोका आरोग्याधिकाऱ्यास नगण्य वाटला तरी तो ‘एक’ कोणाच्या घरचा, हे अनिश्चित असल्याने प्रत्येक घरास तो आपलाच भासतो.

दुसरे कारण कृती आणि अकृती यांच्या नैतिक मूल्यमापनात आहे. मुलाला शाळेत पाठविले आणि ते आजारी पडले, तर त्याचा दोष पालक स्वतःकडे घेतात. समाजही तो त्यांनाच देतो. मुलाला घरी ठेवले आणि त्याचे वाचन मागे पडले, तर तो दोष कोणाचाच नसतो. तो काळाचा दोष ठरतो. दोन्ही हानी खऱ्या. परंतु पहिली तात्काळ दिसते व तिला कर्ता असतो, दुसरी हळूहळू साचते व तिला कर्ता नसतो. अशा स्थितीत मनुष्य अकृतीकडे झुकतो. यात मूर्खपणा नाही. जबाबदारीच्या विभागणीचा तो परिणाम आहे.

तिसरे कारण २०२१ च्या मे-जूनमध्ये पसरलेल्या एका समजुतीत सापडते. तिसरी लाट मुलांना लक्ष्य करील, असे त्या वेळी सर्वत्र बोलले जात होते. प्रौढांचे लसीकरण झाल्यावर मुलेच तेवढी असुरक्षित उरतील, असा त्यामागील तर्क होता. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तिसरी लाट प्रामुख्याने मुलांवरच येईल असे मानण्यास आधार नसल्याचे सांगितले होते. परंतु त्याच वेळी बालकांसाठी स्वतंत्र कृतिदल आणि रुग्णालयांत बालकांसाठी खाटा यांची सिद्धता चालू होती. सावधगिरी म्हणून केलेली ही तयारी योग्यच होती. पण पालकांनी तिच्यातून भाकिताचा अर्थ काढला. शब्दाने दिलासा आणि कृतीने इशारा मिळत असेल, तर लोक कृतीवर विश्वास ठेवतात. प्रत्यक्षात जानेवारी २०२२ च्या सुमारास आलेली तिसरी लाट मुलांपुरती निवडक नव्हती, हे नंतर दिसून आले.

४. चिंतेचे घटक

पालकांची चिंता एकसंध नव्हती. तिचे निदान चार घटक वेगळे काढता येतात.

पहिला घटक मुलाच्या स्वतःच्या प्रकृतीचा. त्याचा विचार वर केला आहे.

दुसरा घटक घरातील वडीलधाऱ्यांचा. डोंबिवली किंवा ठाणे येथील ज्या घरांत आई व वडील दोघेही नोकरी करतात, तेथे मुलाचा सांभाळ पुष्कळदा आजी-आजोबा करतात. दीड-दोन खोल्यांच्या घरात तीन पिढ्या राहत असता विलगीकरण ही केवळ कल्पना उरते. मूल स्वतः आजारी पडेल याहून ते आजीला आजारी करील, ही भीती म्हणून अधिक सयुक्तिक होती. ६० वर्षांवरील व्यक्तींचे लसीकरण १ मार्च २०२१ पासून सुरू झाले. ते जसे पुढे सरकले, तशी ही भीती सैल होण्यास वास्तविक आधार निर्माण झाला. परंतु याच घराकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या प्रवाशांना उपनगरी रेल्वे खुली झाली होती. घरातील मिळवता माणूस गर्दीच्या डब्यातून रोज मुंबईस जात असेल, तर विषाणूला घरात येण्याची वाट आधीच मोकळी होती. मुलाला घरी ठेवून ती बंद होत नव्हती. तरीही चिंता शाळेवरच केंद्रित झाली. कारण नोकरीस पर्याय नव्हता, शाळेस तो आहे असे वाटत होते. जेथे निवड करता येते, तेथेच माणसास निवडीचे ओझे जाणवते.

तिसरा घटक मार्गाचा. शाळेच्या वर्गात एका बाकावर एकच विद्यार्थी, दोन बाकांत सहा फूट अंतर, एका खोलीत १५ ते २० विद्यार्थी असे नियम घालून दिले होते. परंतु मूल शाळेत पोहोचते ते बसने, व्हॅनने वा रिक्षाने. घोडबंदर अथवा कल्याण-शीळ या रस्त्यांवरील वाहतुकीत लहानशा वाहनात बरोबर बसलेल्या मुलांमध्ये सहा फुटांचे अंतर कसे राखावयाचे, याचे उत्तर वर्गासाठी केलेल्या नियमांत नव्हते. शिवाय सामासिक भिंतींच्या, दाटीच्या वस्तीतील ज्या शाळांना मैदान नाही व ज्यांच्या खोल्यांना पुरेशा खिडक्या नाहीत, त्यांत हवा खेळती राहण्याचा प्रश्न होताच. हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो हे जसजसे स्पष्ट झाले, तसतसे बाके पुसण्यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवणे अधिक महत्त्वाचे ठरले; पण पालकांस दाखविले जाई ते हात धुण्याचे पाणी आणि तापमापक.

चौथा घटक शिक्षणाच्या हानीचा आणि त्यास जोडून आलेल्या खर्चाचा. येथे चिंतेची दिशा उलट होते : ती शाळा उघडण्याविषयी नसून बंद राहण्याविषयी होती. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आदी अभ्यासकांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे १४०० वंचित कुटुंबांतील मुलांची पाहणी केली. ग्रामीण मुलांपैकी केवळ ८ टक्के नियमितपणे दूरस्थ शिक्षण घेत होती, तर ३७ टक्के मुळीच अभ्यास करीत नव्हती. शहरी मुलांतही नियमित शिक्षण घेणाऱ्यांचे प्रमाण २४ टक्केच होते. या पाहणीतील ग्रामीण पालकांपैकी ९७ टक्के पालकांना शाळा लवकरात लवकर उघडावयास हव्या होत्या. पुढे २०२२ च्या ‘असर’ या ग्रामीण शैक्षणिक पाहणीत, दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे देशातील प्रमाण २०१८ च्या सुमारे २७ टक्क्यांवरून सुमारे २० टक्क्यांवर उतरल्याचे आढळले.

या आकड्यांवरून एक वर्गीय भेद स्पष्ट होतो. ज्या घरात स्वतंत्र खोली, संगणक व अखंड जोडणी आहे, त्या घरास मुलाला घरी ठेवण्याची किंमत कमी पडत होती; ज्या घरात एकच भ्रमणध्वनी आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरास ती फार मोठी पडत होती. मानपाड्यासारख्या ठिकाणी ही दोन्ही घरे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना असतात. तरीही ‘पालकांचे म्हणणे’ म्हणून जे शासनापर्यंत व वृत्तपत्रांपर्यंत पोहोचते, ते अधिक करून पहिल्या घराचे असते. कारण संघटित होण्याची व लिहिण्याची साधने त्याच्यापाशी असतात. संकुलातील पालकांची साशंकता ऐकू आली. चाळीतील पालकांची निकड तितकी ऐकू आली नाही.

५. संमतिपत्राचा अर्थ

पुनरारंभाच्या प्रत्येक टप्प्यावर शाळांनी पालकांकडून लेखी संमती घ्यावी आणि उपस्थिती सक्तीची नसावी, असे धोरण होते. वरकरणी ही तरतूद पालकांच्या स्वातंत्र्याचा आदर करणारी आहे, आणि त्या अर्थाने ती समर्थनीयही होती. परंतु तिच्यात एक असमानता दडलेली होती. शाळा बंद करताना कोणाही पालकाची संमती घेण्यात आली नव्हती. साथरोग अधिनियम, १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ यांखालील अधिकारांनी तो निर्णय झाला. उघडताना मात्र पालकाची स्वाक्षरी आवश्यक ठरली. बंदी ही राज्याची आज्ञा आणि पुनरारंभ ही कुटुंबाची निवड, असा तो भेद होता.

सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचे शिक्षण हा संविधानाच्या अनुच्छेद २१-क नुसार मूलभूत हक्क असून तदनुसार केलेला अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आहे. हक्क पुरविण्याचे दायित्व राज्याचे. संमतिपत्राने त्या दायित्वाचा काही भाग नकळत कुटुंबाकडे सरकला. पालकांनी त्या कागदाचा जो अर्थ लावला तो असा : ‘काही विपरीत घडल्यास शाळा जबाबदार नाही.’ कागदाचा हेतू तसा असो वा नसो, व्यवहारात त्याने तेच सुचविले. ज्यास आपण सुरक्षित म्हणतो त्याच्यासाठी स्वाक्षरी कशाला, ही शंका तर्कदृष्ट्या चुकीची नव्हती.

शुल्काच्या वादाने हा अविश्वास वाढविला. मे २०२० मध्ये शासनाने शुल्कवाढीस मनाई केली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये १५ टक्के कपातीचा आदेश काढला; दोन्हींवरून खासगी शाळा व पालक यांच्यात तंटे झाले. ज्या संस्थेशी पालक शुल्कासाठी भांडत आहे, तिच्याच ‘आम्ही सर्व दक्षता घेतली आहे’ या विधानावर त्याने त्याच महिन्यात निःशंक विश्वास ठेवावा, ही अपेक्षा अवास्तव होती.

६. पूर्वीच्या साथींचा दाखला

या प्रदेशास साथीच्या काळातील अविश्वासाचा अनुभव नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवल्यावर शहरातून बाहेर पडणाऱ्या रेल्वे-प्रवाशांची तपासणी कल्याण येथे होत असे. त्या काळच्या लोकांना रोगाइतकेच, काही वेळा त्याहूनही अधिक, भय वाटे ते तपासणीचे, सक्तीच्या विलगीकरणाचे आणि रुग्णालयाचे. उपाययोजना करणारी सत्ता आपली विचारपूस करीत नाही, ही भावना त्या भयाच्या मुळाशी होती. १८९७ चा साथरोग अधिनियम त्याच परिस्थितीत जन्मला आणि सव्वाशे वर्षांनंतरही तोच उपयोगात आणला गेला.

याच्या उलट उदाहरण १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे आहे. त्या वेळी अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क, शिकागो व न्यू हेवन यांनी त्या चालू ठेवल्या. न्यूयॉर्कच्या आरोग्याधिकाऱ्यांचा विचार असा की बहुसंख्य मुले दाटीच्या, कोंदट घरांत राहतात. त्यांच्या मानाने शाळेच्या खोल्या प्रशस्त व हवेशीर आहेत आणि तेथे त्यांच्यावर रोज लक्ष ठेवता येते. शिक्षक दररोज मुलांची पाहणी करीत. लक्षणे दिसलेल्या मुलास घरी पाठवीत आणि आरोग्य विभागाचा माणूस त्याच्या घरी जाऊन चौकशी करी. हे धोरण शक्य झाले, कारण शालेय आरोग्य तपासणीची यंत्रणा साथीच्या पूर्वीच अनेक वर्षे तेथे रुजलेली होती. तो रोग व हा रोग यांत भेद आहेत. १९१८ च्या साथीने तरुणांचे अधिक बळी घेतले होते. म्हणून त्या धोरणाचे अनुकरण करावे असे म्हणता येणार नाही. परंतु त्यातील तत्त्व घेण्याजोगे आहे : साथ येण्यापूर्वी मिळविलेला विश्वासच साथीत कामास येतो, आणि शाळा हे धोक्याचे स्थान न राहता देखरेखीचे स्थान होऊ शकते.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. पालकांची साशंकता माहितीच्या अभावातून कमी आणि उत्तरदायित्वाच्या अभावातून अधिक उत्पन्न झाली होती. म्हणून केवळ प्रबोधन हा तिच्यावरील उपाय नव्हे. शाळा कोणत्या स्थितीत बंद होईल व कोणत्या स्थितीत उघडेल याचे निकष आगाऊ प्रसिद्ध करणे, ते जिल्ह्याच्या वा शहराच्या सरासरीऐवजी प्रभागाच्या पातळीवर लागू करणे, वर्गातील हवा आणि मुलांचा प्रवास यांचा नियमांत समावेश करणे, आणि संमतिपत्र घ्यावयाचेच असेल तर त्यात पालकाच्या स्वाक्षरीबरोबर शाळेने व स्थानिक प्रशासनाने स्वीकारलेल्या दायित्वांचाही उल्लेख करणे, एवढे केल्यास निर्णयाचे ओझे एकट्या कुटुंबावर पडणार नाही.

संशोधनाच्या दृष्टीने एक काम अद्याप करण्याजोगे आहे. मे २०२३ मध्ये जागतिक आणीबाणीची स्थिती संपल्याचे घोषित झाले आणि शाळा पूर्ववत चालू लागल्या. परंतु २०२० साली पहिलीत असलेली मुले आता वरच्या वर्गांत आहेत. ज्यांना पालकांनी आधी शाळेत पाठविले व ज्यांना उशिरा पाठविले, त्यांच्या पुढील प्रगतीत कोणता फरक पडला, आणि तो घराच्या आर्थिक स्थितीने कितपत ठरला, याचा तौलनिक अभ्यास एकाच जिल्ह्यातील दोन महानगरपालिकांच्या हद्दींत करता येईल. दोन मानपाडे त्यासाठी सोयीचे क्षेत्र आहेत. कारण तेथे प्रदेश, भाषा व रोजगार यांत साम्य असून प्रशासन तेवढे भिन्न आहे. त्या मुलांच्या हजेरीपटांत व गुणपत्रिकांत या प्रश्नाची बरीचशी उत्तरे नोंदलेली असणार. ती मुले शाळा सोडून जाण्यापूर्वीच हे काम हाती घेणे इष्ट होय.